‘दिवाळीनंतर बघू’ ही कोणती तारीख?

यंत्रमागावरच्या टॉवेल-चादरीचे पैसे अडकले की सोलापुरात दोन मते हमखास ऐकायला मिळतात. पहिले मत असे, ‘पेमेंटची अट मोघम होती ना, मग तो करारच नव्हे. कोर्टात उभा राहणार नाही, नाद सोडा.’ दुसरे असे, ‘धंदा शब्दावर चालतो. कागद करायला गेलात तर पार्टी तुटेल. पैसे आज ना उद्या येतात.’ पहिले मत बहुधा अर्धे कलम वाचलेल्याचे असते, दुसरे अजून एकदाही न बुडालेल्याचे. वाद रंगतो, चहाचे दोन कप होतात आणि दोघेही चुकीच्या प्रश्नावर भांडून उठतात.

मोघम अटीमुळे करार सहसा मरत नाही. माल उतरवून घेतला की देणे उभे राहते आणि कायदा ते मान्य करतो. मोघम अट मारते ती तारीख. पैसे कोणत्या दिवशी द्यायचे होते हेच सांगता येत नसेल, तर व्याज कधीपासून मोजायचे, बँकेला येणे कोणत्या रकान्यात दाखवायचे, दाव्याची मुदत कधी संपते आणि समोरचा मुळात थकबाकीदार झाला आहे की नाही, या सगळ्याचे उत्तर एकदम हरवते. तेव्हा ‘करार टिकतो का’ हे विचारण्याऐवजी ‘पैसे कोणत्या दिवसापासून थकले’ हे विचारायला हवे.

आधी पहिल्या मताकडे पाहू, कारण त्याच्या हातात कायद्याचे पुस्तक असते. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याचे कलम २९ सांगते की ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो रद्दबातल. यातला ‘निश्चित करताही येत नाही’ हा भाग सोयीने गाळला जातो. कायद्यानेच दिलेली उदाहरणे पाहा. ‘शंभर टन तेल’ विकायचा करार रद्द, कारण कोणते तेल ते कळत नाही. पण विकणारा फक्त खोबरेल तेलाचाच व्यापारी असेल, तर तोच करार टिकतो. त्याचा धंदाच शब्दाचा अर्थ सांगतो. ‘माझा पांढरा घोडा पाचशे रुपयांना किंवा हजार रुपयांना’ हा करार मात्र रद्द. आता गंमत अशी की किमतीबद्दल दोघे काहीच बोलले नसते आणि घोडा देऊन टाकला असता, तर १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम ९ प्रमाणे वाजवी किंमत द्यावी लागली असती. म्हणजे दोन पक्षांनी जे सांगायचे सोडून दिले ते कायदा भरून काढतो. दोन परस्परविरोधी गोष्टी सांगितल्या तर त्यातली एक निवडून देत नाही.

पैसे देण्याच्या वेळेबाबत तर भरून काढायची सोय आणखी पक्की आहे. वेळ ठरलेली नसेल तर वाजवी वेळेत, असे करार कायद्याचे कलम ४६ म्हणते. मालविक्री कायद्याचे कलम ३२ त्याहून कडक आहे: वेगळे ठरले नसेल तर माल देणे आणि पैसे देणे एकाच वेळी. हे नीट लक्षात घेतले तर ‘अट मोघम म्हणून करार रद्द’ हा युक्तिवाद घेणाऱ्याच्याच अंगावर उलटतो. मोघम अट उडाली तर उडते काय? त्याला मिळालेली उधारी. देणे जागच्या जागी राहते, उलट ते रोखीचे होते.

मग मोघम अटीने करार खरोखर पडतो असे कधी होतच नाही का? होते, आणि ते नेमके कधी होते हे जुन्या निकालांतून स्पष्ट दिसते. १९४१ मध्ये इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर एका मोटार-व्हॅनचा सौदा आला. उरलेली रक्कम ‘दोन वर्षांत हायर-पर्चेसच्या अटींवर’ द्यायची होती. हप्ता किती, महिन्याला की तिमाहीला, व्याज किती, काहीच ठरले नव्हते. कोर्टाने करार झालाच नाही असे ठरवले. व्हॅन तोवर दिलेली नव्हती. याउलट १९३२ चा रशियन लाकडाचा सौदा: पुढच्या वर्षासाठीची अट कागदावर इतकी त्रोटक होती की वाचून हसू यावे, पण आधीच्या वर्षीचा व्यवहार पार पडलेला होता आणि लाकडाच्या धंद्याची रीत ठाऊक होती, करार टिकला. १९३४ मध्ये पेट्रोलचा भाव ‘वेळोवेळी ठरवू’ असे लिहिलेला करारही टिकला, कारण तीन वर्षे त्यावर व्यवहार चालला होता. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये आफ्रिकन कापसाच्या सौद्यातले ‘नेहमीचे’ फोर्स मेजर (आवाक्याबाहेरच्या संकटाचे) कलम हे शब्द मोघम ठरवले नाहीत. कापूस बाजारात ‘नेहमीचे’ म्हणजे काय हे शोधता येते, असे सांगितले. आणि १९६८ च्या एका निकालात, जमिनीच्या व्यवहारात किंमत ठरली असून पैसे कसे द्यायचे हे ठरले नाही एवढ्याने करार अपुरा होत नाही, असे म्हटले. एकंदर कल असा की व्यवहार सुरू झाला, माल हलला, तर कोर्ट करार वाचवायला बघते. कागदावरच्या, अजून काहीच न घडलेल्या सौद्याला ही दया मिळत नाही.

म्हणून ऑर्डर घेतानाची मोघम अट आणि डिलिव्हरीनंतरची मोघम अट यांत फरक आहे. पाच टन टॉवेलची ऑर्डर, ‘पेमेंट आपसात ठरवू’ असे बोलणे, तुम्ही सूत उचलले, रंगाई करून घेतली, माग लावले आणि पार्टीने ऑर्डर रद्द केली. इथे नुकसानभरपाईचा दावा खरोखर डळमळीत होतो, कारण आपसात ठरवायचे ते ठरलेच नव्हते. पहिल्या मताला एवढे श्रेय द्यायलाच हवे. पण सोलापुरातल्या अडकलेल्या पैशांचा मोठा भाग या प्रकारचा नसतो. माल गेलेला असतो, बहुतेक वेळा खपलेलाही असतो.

आता बाजारात ऐकू येणारे शब्द एकेक करून तपासू. ‘आठ-पंधरा दिवसांत’ हे दिसते तेवढे वाईट नाही; बाहेरची हद्द १५ दिवस, एवढे त्यातून नक्की निघते. ‘नेहमीप्रमाणे’ हे जुन्या पार्टीसोबत चालते, कारण मागच्या दहा बिलांची खतावणी काढली तर सरासरी ४०-४५ दिवस दिसतात आणि तीच रीत ठरते. पहिल्याच बिलावर ‘नेहमीप्रमाणे’ लिहिणाऱ्याला मात्र काय म्हणावे? ‘सोयीनुसार’ हा शब्द तर कधीच मान्य करू नये. द्यायचे की नाही हेही घेणाऱ्याच्याच मर्जीवर आहे असा अर्थ काढायला तो जागा देतो. ‘आमचे पेमेंट आले की तुमचे’ यात खरा प्रश्न असा की वरचे पेमेंट आलेच नाही तर? ही फक्त वेळ सांगणारी अट की देणेच त्या घटनेवर अवलंबून? दोन्ही बाजूंनी वकील उभे राहू शकतात, आणि राहतात.

सगळ्यांत महाग पडणारे वाक्य मात्र वेगळेच आहे: ‘माल खपला की पैसे.’ हे उधारीचे वाक्य वाटते, पण जांगडाच्या फार जवळ जाते. जांगड म्हणजे पसंत पडला किंवा खपला तर ठेवायचा, नाहीतर परत. मालविक्री कायद्याच्या कलम २४ प्रमाणे जांगड मालाची मालकी घेणाऱ्याने पसंती कळवेपर्यंत, त्याने तो पुढे विकेपर्यंत, किंवा ठरलेली अथवा वाजवी मुदत उलटेपर्यंत त्याच्याकडे जात नाही. आणि कलम २६ प्रमाणे जोखीम मालकीबरोबर चालते. म्हणजे त्याच्या गोदामात पाणी शिरले किंवा आग लागली, तर ‘माल अजून तुमचाच होता, शेठ’ असे ऐकावे लागू शकते. टॅक्स इनव्हॉइस काढले आहे, वजन करून दिले आहे, हे तुमच्या बाजूने बोलेल. तरी ज्या वादाची गरजच नव्हती तो एका वाक्याने ओढवून घेतलेला असतो.

एक बिल घेऊ. टॉवेलचा माल, ४ लाख रुपये, डिलिव्हरी १० जून, बोली ‘दिवाळीनंतर बघू’. टॉवेल-चादरीवर ५ टक्क्यांनी २० हजार जीएसटी. तो सरकारला पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचा; पैसे आले नाहीत म्हणून जीएसटी थांबत नाही. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेणाऱ्याला या जीएसटीचे घेतलेले क्रेडिट (कराची वजावट) उलटवावे लागते. बँका कॅश क्रेडिटची उचल ठरवताना सहसा ९० दिवसांपुढची येणी बाजूला काढतात. कारखानदार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी केलेला असेल, तर २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या) कायद्याप्रमाणे लेखी तारीख नसताना पैसे १५ दिवसांत, म्हणजे २५ जूनपर्यंत द्यायचे. लेखी ठरवले तरी ४५ दिवसांपुढे जाता येत नाही, म्हणजे २५ जुलै. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. बँक रेट ५.५० टक्के धरला तर साडेसोळा टक्के. ४ लाखांवर सहा महिन्यांचे साधारण ३४ हजार. जीएसटीला तारीख आहे, बँकेला आहे, कायद्याला आहे. तारीख नाही ती फक्त ज्याच्यावर हे सगळे उभे आहे त्या पैशाला.

यात एक बारकावा दोन्ही मतांच्या नजरेतून निसटतो. एमएसएमईडी कायद्याचे कलम १५ ‘लेखी’ ठरलेली तारीखच मानते. तोंडी दिलेल्या ९० दिवसांना तिथे किंमत शून्य. त्यामुळे अट मोघम ठेवून आपण मोकळे राहिलो असे ज्या खरेदीदाराला वाटते, तो प्रत्यक्षात ४५ ऐवजी १५ दिवसांच्या फासात अडकलेला असतो. त्यात १९६१ च्या आयकर कायद्याचे कलम ४३बी(एच) आले. २०२३ च्या वित्त कायद्याने आलेली ही तरतूद १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली: सूक्ष्म-लघु उद्योगाला कलम १५ च्या मुदतीत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षीच वजा मिळतो. फेब्रुवारीअखेर उचललेल्या मालाचे ‘दोन महिन्यांत देतो’ असे तोंडी ठरले आणि एप्रिलअखेर दिले, तर ती रक्कम मार्चच्या उत्पन्नात मिळून कर लागतो. लेखी ४५ दिवस असते आणि त्या मुदतीत पैसे दिले असते, तर वाचला असता.

दाव्याच्या मुदतीचे गणित याहून निर्दय आहे. १९६३ च्या मुदत कायद्यात विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दोन वेगळ्या नोंदी आहेत. उधारीची निश्चित मुदत ठरलेली असेल, तर ती मुदत संपल्यापासून तीन वर्षे. ठरलेली नसेल, तर डिलिव्हरीपासून तीन वर्षे. १० जून २०२२ ला दिलेला माल, बोली ‘दिवाळीनंतर’. त्या वर्षी लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होते. कारखानदार समजतो की दावा ऑक्टोबर २०२५ पर्यंत लावता येईल. समोरचा वकील उठून म्हणतो, ‘दिवाळीनंतर’ ही निश्चित मुदत कशी? दिवाळीनंतर चार दिवसांनी की चार महिन्यांनी? निश्चित मुदत नाही, म्हणून डिलिव्हरीपासून मोजा. १० जून २०२५ ला दावा मेला. एरवी करार वाचवणारे कोर्ट इथे मदतीला येईलच असे नाही, कारण प्रश्न करार वाचवण्याचा उरलेलाच नसतो.

आता दुसरे मत. त्याची बाजू मला जास्त भावते, आणि ती वकिली पुस्तकांत मांडलीही जात नाही. सूत व्यापारी, कारखानदार, रंगाईवाला, आडत्या आणि मुंबई-हैदराबादचा घाऊक खरेदीदार ही साखळी एका बिलाची नसते, पिढ्यांची असते. कायद्यातले व्याज मागितले की पुढच्या सीझनची ऑर्डर शेजारच्या शेडमध्ये जाते. ही भीती खोटी नाही. ४३बी(एच) आल्यावर २०२४ च्या सुरुवातीला काही खरेदीदारांनी नोंदणी नसलेल्यांकडून किंवा मध्यम उद्योगांकडून माल घ्यायला सुरुवात केल्याच्या तक्रारी कापडाच्या बाजारपेठांतून झाल्याच. उद्यम नोंदणीकडेच अडचण म्हणून पाहणारे कारखानदारही निघाले.

पण ‘विश्वास असेल तिथे तारीख कशाला’ हे म्हणणे व्यापाराच्या इतिहासाला धरून नाही. आपले आजे-पणजे सगळे तोंडी चालवत होते, ही आपण करून घेतलेली समजूत आहे. हुंडी पाहा. अनोळखी गावातल्या अनोळखी पेढीवर निव्वळ बाजारात पत आहे एवढ्या जोरावर पैसे मिळवून देणारा तो कागद. याहून मोठा विश्वास कोणता? आणि तरीही दर्शनी (दाखवताच पैसे देणारी) हुंडी वेगळी, मुदती हुंडी वेगळी, आणि मुदतीवर मिती (तिथी) आणि दिवस लिहिलेले. दिवस लिहिल्याने विश्वास आटला नाही. दिवस लिहिले होते म्हणूनच ती हुंडी तिसऱ्याला विकता येत होती. आजच्या ट्रेड्सवर, म्हणजे बिले वटवायच्या ऑनलाइन मंचावर, बिल वटवायचे असेल तर हेच लागते: खरेदीदाराने बिल मान्य करायचे आणि देय तारीख स्पष्ट. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी करणे आता बंधनकारक आहे. तारीख नसलेले बिल तिथे कोण घेणार? ‘नगद दिलात तर ३ टक्के वटाव’ असे म्हणणाऱ्यालाही नगद म्हणजे किती दिवस हे सांगावेच लागते, नाहीतर साठाव्या दिवशी वटाव कापून चेक येतो.

आणि हा विश्वासाचा युक्तिवाद करणाऱ्या कारखानदाराने आपल्या सुताच्या खात्याकडेही एकदा पाहावे. वरून पैसे आले नाहीत म्हणून तोही सूत व्यापाऱ्याला आणि रंगाईवाल्याला ‘टॉवेलचे आले की देतो’ म्हणतो. रंगाईवाला स्वतः सूक्ष्म उद्योग असेल, तर त्याच्यासमोर हा कारखानदार खरेदीदार आहे आणि त्याच्यावरही तेच १५ आणि ४५ दिवस चालतात. सूत व्यापाऱ्याला मात्र हे संरक्षण नाही. २०२१ पासून व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते ती प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती. त्याला व्याज मागायचे तर मालविक्री कायद्याच्या कलम ६१ वर जावे लागते, आणि तिथे कोर्ट किंमत देय झाल्या तारखेकडे पाहते. पुन्हा तारीख.

दुसऱ्या मताचा सर्वांत जड मुद्दा वेगळा आहे: कागद झाला की तो बलवानाच्या बाजूने होतो. मोठा खरेदीदार लेखी करार काढेल तेव्हा त्यात १२० दिवस आणि दहा कपाती असतील. मोघम अटीत निदान भांडायला जागा उरते. याला इतिहासाचा आधार आहे आणि तो आपल्याच मुलखाचा आहे. सावकाराच्या कर्जखतांवर तारखा स्पष्ट होत्या, व्याज स्पष्ट होते, अंगठाही स्पष्ट होता. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून दख्खनचे दंगे पेटले तेव्हा शेतकऱ्यांनी आधी जाळली ती ही खतेच. पण त्यानंतर १८७९ चा जो दख्खन शेतकरी साह्य कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी आला, त्याने काय केले? लेखन बंद केले नाही, वाढवले. खते गाव-नोंदणी अधिकाऱ्यासमोर लिहायची, पैसे दिल्याची पावती द्यायची, शेतकऱ्याने मागितल्यास हिशेबाचा उतारा द्यायचा; आणि कोर्टाला खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासायची मुभा. दुबळ्याचे नुकसान एकतर्फी लेखनाने होते आणि त्यावरचा उपाय दुतर्फी लेखन हा होता. आजची ४५ दिवसांची कमाल मर्यादा त्याच जातीची आहे. खरेदीदाराने १२० दिवस लिहून घेतले तरी सूक्ष्म-लघु पुरवठादारासमोर ती अट ४५ च्या पुढे चालत नाही.

‘कोर्टात दहा वर्षे जातात, तारीख लिहून काय होणार’ यालाही दोन उत्तरे आहेत, आणि दोन्ही सोलापूरच्या शिवारातली. साखर कारखान्यांची संख्या आपल्या जिल्ह्यात राज्यात सर्वाधिक. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (सरकारने ठरवलेली उसाची किमान किंमत) द्यायची, नंतर १५ टक्के व्याज. एफआरपी थकते, दरवर्षी थकते. पण थकली हे पंधराव्या दिवशी सगळ्या जिल्ह्याला माहीत असते, साखर आयुक्तालयाच्या तक्त्यात येते, आणि जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसुलीचे आदेश निघू शकतात. ‘गाळप संपल्यावर बघू’ असा शब्द असता तर आयुक्त कोणत्या दिवशी आदेश काढणार होते? दुसरे उदाहरण कांद्याचे. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांद्याचे सगळा खर्च वजा जाता २ रुपये ४९ पैसे उरले आणि २ रुपयांचा चेक मिळाला. त्या दोन रुपयांवर देशभर लिहिले गेले. पण तो चेक पुढच्या तारखेचा होता, हे किती जणांना खटकले? शेतमालाचे पैसे लगेच चुकते करायचे असे बाजार समितीचे नियम सांगतात. दोन रुपयांनाही उधारी लागते, ही सवय आपल्या बाजारात इतकी मुरली आहे.

कोर्टातल्या विलंबाबद्दल आणखी एक. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३७ खाली, लेखी करारावरच्या ठरावीक रकमेसाठी समरी दावा लावता येतो. त्यात प्रतिवादीला बचाव करायची परवानगी आधी मागावी लागते आणि त्यासाठी खरा वादाचा मुद्दा दाखवावा लागतो. ‘देय तारीखच आलेली नाही’ हा मुद्दा त्याला आयता कोण देतो? आपलीच मोघम अट. ३ लाखांवरचा व्यापारी दावा असेल तर तातडीची मागणी नसताना आधी मध्यस्थीला जावे लागते. तिथेही पहिला तास रक्कम किती यावर जात नाही, कधी द्यायची होती यावर जातो. दिरंगाईचा सगळा दोष न्यायव्यवस्थेवर टाकण्यात अर्थ नाही.

मग लिहायचे काय? बऱ्याच बिलांच्या तळाशी ‘मुदतीनंतर २४ टक्के व्याज’ अशी ओळ छापलेली असते आणि मुदत किती हा रकाना कोराच असतो, किंवा नसतोच. जीएसटीच्या नियमांत इनव्हॉइसवर जे लिहिणे सक्तीचे आहे त्यात देय तारीख नाही, त्यामुळे सॉफ्टवेअरही विचारत नाही. शिवाय बिल हे सौदा झाल्यावर निघते. त्यावर एकाने छापलेली अट दुसऱ्याला बांधते का, यावर वाद घालता येतो. म्हणून अट ऑर्डरवर हवी, माल निघण्याआधी. ‘माल तुमच्या गोदामात पोचल्यापासून ३० दिवसांत पैसे, वजन, जीएसएम (चौरस मीटरमागे कापडाचे ग्रॅम) किंवा रंगाबद्दलची तक्रार पोचल्यापासून १० दिवसांत लेखी, तक्रारीचा माल सोडून बाकीचे पैसे मुदतीतच, आलेली रक्कम सर्वांत जुन्या बिलाला.’ एवढ्या चार वाक्यांत बरेच बसते. दिवस कशापासून मोजायचे हे लिहिले नाही, तर बिलाची तारीख, बिल्टीची (वाहतूक पावतीची) तारीख आणि पोचल्याची तारीख यांत आठवडा सहज जातो. तक्रारीची मुदत महत्त्वाची, कारण पैसे मागितल्यावरच चौथ्या महिन्यात कमी जीएसएम आठवते. एमएसएमईडी कायदाही १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल स्वीकारला असे धरतो. आणि रक्कम कोणत्या बिलाला हे न ठरवता ‘ऑन अकाउंट’ पैसे येत राहिले, तर दोन वर्षांनी लेजर दोघांचे वेगळे निघते.

पार्टी सही करत नसेल तर? तोच मजकूर माल निघायच्या दिवशी व्हॉट्सॲपवर पाठवावा आणि चॅट पुसू नये. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडून ती पुराव्यात देता येते. उद्यम नोंदणी माल पाठवण्याआधीची असावी. नंतर केलेल्या नोंदणीने आधीच्या बिलांना संरक्षण मिळत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले, पुढे त्यावर वाद झाला, पण त्या वादात आपले बिल असू नये. आणि दर मार्चअखेर बाकी-मान्यतेच्या पत्रावर सही घ्यावी. मुदत संपण्याआधी लेखी, सही असलेली कबुली मिळाली तर तीन वर्षे तिथून नव्याने सुरू होतात. मुदत कायद्याचे कलम १८ इथपर्यंत उदार आहे की ‘पैसे द्यायची वेळ अजून आलेली नाही’ असे लिहिले असले तरी ती कबुलीच ठरते. म्हणून पार्टीने त्या पत्रावर ‘दिवाळीनंतर देऊ’ असे लिहून सही केली तर वाईट वाटून घ्यायचे कारण नाही, पत्र जपून ठेवावे. ‘दिवाळीनंतर बघू’ असे लिहिले असेल, तर पत्र परत पाठवून ‘बघू’च्या जागी ‘देऊ’ करून मागावे.